सदतीस अंश

ओउलू शहरात जूनमध्ये रात्र होत नाही,
म्हणून राउनी दिवस मोजते
उष्मापेटीवरच्या घड्याळाने.
तेरा दिवस, एकवीस तास.
चौदा भरायच्या आत थांबवा, असं कायदा सांगतो.
त्याच कायद्यात पुढे एक ओळ आहे:
गोठलेला काळ मोजायचा नाही.

सहा वर्षं हा नळीत होता,
उणे एकशे शहाण्णव अंशांत.
तेवढ्यात बाहेर राउनीचे वडील गेले,
नदीवरचा पूल नवा झाला,
तिचा चष्म्याचा नंबर दोनदा बदलला.
याच्या खात्यात शून्य.

मी लिहिलं 'हा'.
राउनीच्या भाषेत हा, ही, हे असलं काही नाही,
एकाच शब्दात सगळं भागतं.
पंचाईत माझी, मराठीत लिहिणाऱ्याची:
गर्भ म्हटला की तो,
पेशी म्हटल्या की त्या,
जीव म्हटलं की भांडण.

संमतिपत्रावरची नावं जाड शाईने झाकून आली आहेत.
ठेवा, नष्ट करा, संशोधनाला द्या.
तिसऱ्या चौकटीत फुली.
आणि समासात, झाकायचं राहून गेलेलं,
पेन्सिलीने, तिरक्या अक्षरात:
तिथे गार लागतं का?

राउताकोस्की सर म्हणतात, आठवडाभर आणखी मिळता
तर कळलं असतं, इतक्या बायकांचे गर्भ
त्यांना पत्ता लागायच्या आत का गळून जातात.
सर खोटं बोलत नाहीत.
त्यांच्या खणात त्या बायकांच्या पत्रांचा गठ्ठा आहे.
इस्पितळातली धर्मोपदेशिका केर्त्तू म्हणते,
रेघ म्हणजे रेघ, एकदा पुसली की ती फळ्यावरची.
पण कॉफी ओतताना हळूच तीच विचारते:
मग, आज दिसली का?

दिसली. किंवा भिंगावर धूळ असेल.
कायद्याची नव्हे ही,
पेशींनी स्वतःच ओढायला घेतलेली,
इथून डोकं, इथून पाठ, असं काहीतरी ठरवणारी.
कालपर्यंत हा एक की दोन, तेही नक्की नव्हतं.
तळ्यात. मळ्यात. तळ्यात.
आता बांधावर उभं राहायला जागा नाही.

बाराव्या दिवशी बारसं झालं नाही.
तेराव्याला तेरावंही झालं नाही.
राउनी पिपेटने द्रावण सोडते.
हात थरथरत नाही,
न थरथरण्याचाच तिला पगार आहे.

वहीत वेळ: अठरा चाळीस.
मग संमतिपत्राच्या त्याच समासात,
प्रश्नाच्या खाली, तिची पेन्सिल:
शेवटपर्यंत सदतीस अंश.
हे पाठवायचं कुणाला? नावावर शाई आहे.
ती कागद फाइलला लावते,
दिवा मालवते, जो मालवून काही फरक पडत नाही.

सायकलवर, लख्ख उन्हात,
पुलाच्या मध्यावर ती थांबते
आणि खिशात हातमोजे शोधते.