खिळेवाला टायर

बसा त्या स्टुलावर. दहा मिनिटं लागतील.
मागचं चाक ना? हा बघा,
चांगला इंचभर खिळा आहे.

माधवनगरात चौतीस वर्षं मी हेच करतोय,
मिलचा भोंगा व्हायचा तेव्हापासून,
टायरातनं खिळे काढतोय.
आणि आमची सुव्रता,
इथंच पान्यांच्या डब्यावर बसून पाढे म्हणायची ती,
तिकडं नॉर्वेत, ट्रॉम्सो नावाच्या गावात,
पैसे मोजून खिळेवाला टायर घेते.
कारखान्यातनंच ठोकून येतात, दोनशे-अडीचशे,
बर्फावर चाक घसरू नये म्हणून.
मी म्हटलं, पोरी,
बापाचा धंदा उलटा फिरवलास की.

काय शिकते? बर्फ.
हसू नका, मलाही आधी रसवंतीच आठवली होती.

एका रात्री फोन, आण्णा, सायकलचं कुलूप गोठलंय.
म्हटलं, किल्ली तापव. तर काडीपेटी नाही.
मग किल्ली काखेत धरून उभी राहिली पाच मिनिटं,
येणारे-जाणारे बघतायत, बोलत कुणी नाही,
तिकडं बोलायची पद्धत नाही म्हणे.
आणि उघडलं!
मला नसतं सुचलं.
आपल्याकडं कुलूप गंजतं, गोठत नाही.

तो टब जरा इकडं सरकवा.

खरी पंचाईत जेवणाची.
बटाटा नाही, कांदा नाही, तेवढं निभवलं,
हळद आणि भडंग इथनं गेलं.
पण दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा आमचा नेम,
आणि नोव्हेंबर सरता सरता तिकडं
सूर्य उगवायचाच बंद झाला.
दुपारी बाराला निळसर उजेड, की परत रात्र.
आई, आता जेवू कधी?
आमची मंडळी दोन दिवस गप्प.
मग म्हणाली, सांगलीचा सूर्य धर.

तेव्हापासनं रोज संध्याकाळी
ही गच्चीवर उभी राहते, बुधगावच्या बाजूला तोंड करून,
आणि मावळायच्या अर्धा तास आधी
फोनवर एक शब्द धाडते : टेकला.
तिकडं दुपारचा एक.
पोरगी लायब्ररीच्या जिन्यात डबा उघडते.
सोबत ऐनो म्हणून फिनलंडची मैत्रीण,
ती सगळं खाते, कधीही खाते,
पण आता तीपण विचारते,
टेकला का? अगदी असंच, मराठीत.

एकदा हिला ताप. गच्ची राहिली, फोन राहिला.
सात वाजले, इथं अंधार,
आणि तिकडनं रिंग.
आई, आज सांगलीत दिवस मावळलाच नाही का गं?
डबा झाकलेलाच.
ही अंथरुणात उठून बसली.
काय बोलली ते मी ऐकलं नाही,
मी भिंतीकडं तोंड करून
उगाच पंपाचा वॉशर बघत बसलो.

दम धरा, सोल्युशन वाळू दे.

परवा तिकडं सूर्य आला. दोन महिन्यांनी.
चार मिनिटं.
सगळं गाव टेकडीवर उभं, पोरंसोरं, म्हातारी माणसं,
आणि गोड पाव वाटतात त्या दिवशी, सणच तो.
आमची काय करते,
अंडं नसलेला पाव शोधून आणलेला,
हातात धरून उभी.
कड दिसली, तसा तोंडात घातला,
आणि कड जायच्या आत संपवला.
तिथल्या सूर्यात, तिथलं अन्न.
फोटो आलाय, दाखवतो नंतर, हात तेलकट आहेत.
गाल फुगलेले नुसते.

आई काय म्हणाली असेल?
चार मिनिटांत? चावलास तरी का?

मे महिन्यात म्हणे तो मावळणारच नाही,
रात्री बारालाही लख्ख.
तेव्हा गच्चीवर जायचं का नाही,
ते अजून आमच्या घरात ठरलेलं नाही.
मे यायला वेळ आहे.

हे बघा, पाण्यात धरलीय ट्यूब.
बुडबुडा नाही.
द्या वीस रुपये.
आणि तो खिळा टाकू नका, इकडं द्या,
डब्यात ठेवतो.