चतुःसीमा

कांदोळीच्या रस्त्यावर स्कूटर थांबवून
रॉयस्टननं दोन कार्डं पुढं केली. खरवडा, अंकल.
हिच्या कार्डावर काहीच नाही, माझ्यावर तीन तारे.
त्यालाच इतका आनंद झाला
की मीच त्याचं अभिनंदन केलं.

नव्वद मिनिटं, म्हणाले. दिवे लागले तरी उठू देईनात.
कुणी सही केली की घंटा वाजायची,
टाळ्या, मग एक फुगा फुटायचा.
शेफाली नावाची मुलगी हिला आई म्हणाली.
आम्हाला मूल नाही, हे फॉर्मवर लिहिलं होतं.

एकतीस वर्षं मी मोजणी खात्यात.
बांधावरून डोकी फुटायची तिथं साखळी धरून उभा राहिलो,
आण्याचा फरक सोडला नाही.
आणि इथं विचारलं नाही
की बाई, पूर्वेला काय, पश्चिमेला कोण?
दोन लाख ऐंशी हजार. चौदाशे पॉइंट.
बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते,
सातवीत शिकवलेलं.

मिरजेत येऊन फोन लावला तर
डिसेंबर भरलेला, मे भरलेला,
जुलैत या, देखभालीचे अठरा हजार भरून.
पुढं तो नंबरच अस्तित्वात नव्हता.

बक्षिसाचा थर्मास मात्र आहे.
ही त्यात रोज माझा चहा भरते, विषय काढत नाही.
काल एवढंच म्हणाली,
काचेतून समुद्र दिसत होता हो,
पाय बुडवायचे राहिले.

मी मनातल्या मनात अंतर काढलं:
चार साखळ्या, फार तर पाच.