शिसपेन्सिल

लुईसटाउन, मोंटाना. बाहेर उणे अठरा.
गॅरेजचं दार तरी वीतभर उघडं, सवयीनं.
वर्लिन हॉगेनने शनिवारी गोळ्या ओतल्या,
आज मंगळवारी एक उचलून दिव्याखाली धरली.
थोडी टायरची वजनं, थोडं बंद पडलेल्या छापखान्याचं शिसं.
वितळताना एक ओळ दिसली होती.
चाळीस वर्षांचा खिळेजुळारी, उलटं सरळच वाचतो:
'पश्चात दोन मुली, एक'
पुढचं मळीखाली गेलं.

कठीणपणा मोजायचं यंत्र महाग.
टोर्डिसचा चित्रकलेचा डबा आहे की.
सहा बी ते चार एच, सगळ्या क्रमाने,
दोन बीच्या बुडाला तिच्या दातांच्या खुणा.

आपण हिला शिसपेन्सिल म्हणतो.
शिशाचा कण नसतो तिच्यात.

टोक सपाट घासायचं, तिरकं धरायचं, रेटायचं.
चार बी घसरली.
दोन बी त्याने वगळली.
एचबीने नखाएवढी चकचकीत साल काढली.
अजून मऊ.
पंधरवडा जाऊ दे, तो स्वतःशीच म्हणाला,
ठेवलं की आपोआप घट्ट होतं.

हेच म्हणाला होता तो
टोर्डिस दार आपटून टकोमाला गेली तेव्हा.
अकरा वर्षं.

खोक्यावर त्याने तारीख घातली, खाली 'एचबी'.
मग दोन बी घेतली,
आणि त्याखाली तिचा फोन नंबर लिहून पाहिला.
दहातले सात आकडे आले.