भावकर्तृक

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
मे महिन्यातले साडेअकरा.
विमा कार्यालयाच्या जिन्यात, पंख्याखालची जागा धरून
मी सौदामिनी तरे, एम.ए., सेट,
प्रबंध विद्यापीठात पडून,
नऊ वर्षं मराठी शिकवते
तासिका तत्त्वावर.
तत्त्व हा शब्द आमच्याकडे एवढ्यापुरताच उरलाय.

खिडकीतल्या राऊळ मॅडम
चष्मा कपाळावर सरकवून विचारतात,
काढलं, की तुम्ही सोडलंत?
अर्जावर दोन चौकोन आहेत.
तिसरा नाही.

काढलं नाही कुणी, मॅडम.
मीही सोडलं नाही.
तेवीस एप्रिलला दुसऱ्या वर्षाची शेवटची तासिका झाली,
मस्टरवर सही केली,
खडूचे हात धुतले,
संपलं.

संपलं म्हणजे?

वर्गात सांगते तसंच सांगायला जाते:
काही क्रियापदांना कर्ता सापडत नाही.
उजाडलं. सांजावलं. मळमळतं.
कोण उजाडलं, असं विचारायचं नसतं,
क्रियापद आपल्याच पोटात कर्ता घेऊन बसलेलं असतं,
तसंच हे आमचं एप्रिलातलं...
ओ ताई, आटपा, मागून कुणीतरी.

काढल्याचं पत्र?
नाही.
नेमल्याचं?
आहेत, नऊ. प्रत्येकाची शेवटची ओळ तीच,
या नेमणुकीमुळे कोणताही हक्क प्राप्त होणार नाही.
पगार?
मानधन.
मॅडम पेन खाली ठेवतात.
वर्षातले किती दिवस काम?
दिवस नाही, तास मोजतात. आणि आमचा तास
अठ्ठेचाळीस मिनिटांचा.
उरलेल्या बारा मिनिटांत मी
नॅकच्या फायली लावते, पेपर तपासते,
मुलींच्या घरी फोन करून सांगते
की तिला एवढ्यात उजवू नका.
त्या बारा मिनिटांचं कुणी काही कापत नाही,
कारण देतही नाही.

अंशदान नाही, तर विमा नाही.
विमा नाही, तर...
मॅडम वाईट नाहीत. आवाज खाली आणून म्हणतात,
आमच्या हिशेबात तुम्ही बेरोजगार नाही.

वळले तर बाकावर सुरडकर.
आमच्याच कॉलेजचे वॉचमन, रात्रपाळीचे.
मार्चअखेर ठेकेदाराने अकरा जण कमी केले.
मॅडम, तुम्ही इथं?
सहज, मी म्हणाले.
बरं झालं. एवढा फॉर्म भरून द्या.
तुमचं अक्षर माहितीये मला, वर्ग बंद करताना
फळा वाचायचो. एकदा लिहिलं होतंत,
शिपायाने दार उघडले.
मी एकटाच हसलो होतो, बॅटरी धरून.

नाव: रोहिदास किसन सुरडकर.
विमा क्रमांक त्यांना पाठ आहे,
सगळे आकडे, एका दमात, पाढ्यासारखे.
कामाचा शेवटचा दिवस: एकतीस मार्च.
कारण.
पहिल्या चौकोनात मी बरोबरची खूण केली.
ठेकेदाराने सुरडकरांना काढले.
भावे प्रयोग.
पण कर्ता आहे. चांगला ठसठशीत,
गोल शिक्क्यासकट.
मला त्या वाक्याचा
हेवा वाटला, आणि मग
हेवा वाटल्याची लाज.

किती देतील हो?
रोजाच्या निम्मे म्हणतात, तीन महिने.
मंजूर झालं तर.
पोरीची फी तर निघेल, ते म्हणाले,
आणि अंगठ्यानं शाई सुकतेय का ते बघितलं.

बाहेर, बंद कारखान्याच्या फाटकावर
आता स्पर्धा परीक्षांच्या क्लासचा फलक.
सावलीला उसाचं गुऱ्हाळ.
सुरडकरांनी मला पैसे काढू दिले नाहीत.
आता जूनमध्ये भेटू, सवयीनं म्हणाले,
आणि गप्प झाले,
कारण दार आता दुसऱ्या ठेकेदाराकडे,
आणि माझं
जाहिरात निघाली तर.

शेअर रिक्षात चौथी सीट, ड्रायव्हरशेजारी.
पर्समध्ये माझा अर्ज,
दोन्ही चौकोन कोरे.
तीन हात नाक्याच्या सिग्नलला
तोच काढून वारा घेतला.
कागद जाड होता, सरकारी.
बरा येत होता वारा.