होकार

वार्दोच्या मासळी-कारखान्यात
आईला मिळालेला पहिला होकार ऐकून
ती दचकली होती.
शेजारच्या टेबलाशी उभ्या गुडलाउगबाईंनी
ओठ आवळून हवा आत ओढली: "या."
आईला वाटलं, हिच्या बोटाला सुरी लागली.

इथं उत्तरेला 'हो' असंच म्हणतात,
श्वास आत घेता घेता.
इतक्या थंडीत
तोंडातली ऊब कोण बाहेर टाकेल?

आईचा होकार निराळा. "चाह."
बाईनं म्हणायचा तो चाह, बाप्यानं म्हणायचा तो बात.
आमच्यात 'हो' म्हणणाऱ्याला लिंग असतं,
यांच्यात फर्निचरलासुद्धा:
खुर्ची पुरुष, पुस्तक बाई,
टेबल दोन्ही नाही.
चाळीस वर्षं झाली, आईनं हे पाठ केलं नाही.
म्हणते, खुर्चीला विचारलंय का कुणी?

फिस्क म्हणजे मासा.
तोच मासा ओळखीचा झाला की त्याला शेपूट फुटतं: फिस्केन.
आमच्या अक्षरांना पाय असतात.
एका व्यंजनाखाली दुसरं उकिडवं बसतं.
शाळेच्या वहीत मी नाव लिहायचे आईच्या लिपीत,
ते पाय रेघेखाली लोंबत राहायचे,
आणि बाई म्हणायच्या, रेघेवर लिही, कोलाप.

क्रेट मोजताना आई पाचाशी थांबायची,
मग पाच-एक, पाच-दोन, पाच-तीन.
गुडलाउग जुन्या वळणाची, ती म्हणायची दोन-नि-वीस.
मला शाळेनं शिकवलेलं वीस-दोन.
संध्याकाळी हिशेब जुळायचा.
कॉडची उरलेली डोकी आई घरी आणायची,
मीठ लावून तळघरात मुरवायची,
आणि त्या वासावर मात्र
दोन्ही भाषांत एकच मत होतं.

परवा पालिकेची नर्स आली, मार्गुन.
मांडीवर टॅब, टॅबवर फॉर्म.
मी दोघींच्या मधे, दुभाषी.
भावंडं? रकाने दोनच:
भाऊ किती, बहिणी किती.
आई म्हणाली, "मिआन बोंग म्नेआक."
उलगडून सांगायचं तर:
असणं. वडील भावंड. एक माणूस.

बोंग मी जन्मापासून ऐकत आलेय.
बोंग नावेत झोपायचं.
बोंगला कमळाच्या बिया सोलता यायच्या, दातांनी, न मोडता.
बोंगनं आईला पाठीवर घेऊन नदी ओलांडली.
मी त्याला कधीच मिशा काढून दिल्या होत्या,
बारीक, सिनेमातल्यासारख्या.

"आई, बोंग भाऊ, की बहीण?"
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी खुर्चीबद्दल विचारत होते.
"स्रेइ," म्हणाली. बाई.
पन्नाशीला आलेल्या माझ्या डोक्यात
एका माणसाला परत नदीत उतरावं लागलं,
मिशांशिवाय, लुगडं वर खोचून,
पाठीवर तीच पोर.

मार्गुन हळूच म्हणाली,
"हार? की हादे?"
आहे, की होती?
तिचा दोष नाही. तिच्या भाषेत
काळ ठरवल्याशिवाय क्रियापद दारातून आत येत नाही.
आमचं क्रियापद सगळ्या ऋतूंत एकच कपडे घालतं,
काळ हवा असेल तर शेवटी दोन शब्द लावायचे,
हाय, नौव,
झालं, की अजून,
जे मी आईला रोज फोनवर विचारते,
भात खाल्ला झाला, की अजून?

त्याच शब्दांत विचारलं.
दुसरे नव्हतेच माझ्याकडे.

आईनं खिडकीतून धक्क्याकडे पाहिलं,
बर्फाखाली उलट्या पडलेल्या नावांकडे.
मग ओठ आवळले,
गुडलाउगसारखी हवा आत ओढली,
आणि त्या आत जाणाऱ्या श्वासावर म्हणाली,
"चाह."

मार्गुननं मान हलवली, काहीतरी टाइप केलं.
कुठला काळ,
ते मी वाचलं नाही.