याचिकाकर्ता क्रमांक दोन

मनाई आदेशाची प्रत टाइप करतेय:
सोटे, सुरे, भाले, बंदुका,
दगड जवळ बाळगणे वा साठवणे,
तसेच इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू.
म्हणजे हा पेपरवेटसुद्धा.

समोर भिकाजी खानविलकर,
झवेरी बाजारातल्या एका पेढीचे दरवान.
बाराबोरची दुनळी
आचारसंहिता लागल्यापासून ठाण्यात जमा,
आणि पेढीनं त्यांनाही घरी बसवलंय.
‘नुसत्या मला कोण भितंय, बाई?’

एकोणीस वर्षांत बार?
एकही नाही.
काडतुसं ओलीनं फुगलेली,
नळीत घातली तर निघायची नाहीत.
हे याचिकेत नको, साहेब म्हणाले.
मी खोडलं.

परिच्छेद सात: उपजीविकेचा हक्क.
परिच्छेद आठ: शस्त्र उघडपणे बाळगणे म्हणजे दहशत नव्हे.
इथं बोटं अडखळली.
माझी मुलगी त्याच गल्लीतून क्लासला जाते,
बंदूक दिसली की रस्ता ओलांडते.

हायकोर्टाच्या दारात झडती झाली.
त्यांच्या खिशात फक्त पावती:
शस्त्र एक, स्थिती बरी.
तारीख पडली पुढच्या महिन्याची.
तोवर निवडणूक संपलेली असेल,
आदेशही.

पायऱ्या उतरताना पाहिलं,
उजवा खांदा अजून खालीच होता,
पट्ट्याच्या मापानं.