पदरचं

यंग्सटाउनची पोलाद गिरणी बंद झाली
आणि माझे वडील, एमिल हुदाक, वय एक्केचाळीस,
दुपारी दोन वाजता घरात असायला लागले.
आधी नुसते बसायचे, पडदा ओढून.
मग एका दुपारी टीव्हीवर समुद्र आला,
खडकावर दिवा, मागे व्हायोलिन,
आणि ‘कॉर्डेलिया पॉइंट’ सुरू झालं.

ती आईची मालिका. माझ्या जन्माआधीपासूनची.
पण आई आता इस्पितळाच्या धुलाईघरात,
सात ते चार, चादरी आणि वाफ,
आणि रेकॉर्ड करायचं यंत्र
आमच्या गल्लीत फक्त दंतवैद्याकडे.

म्हणून वडील बघायचे. तिच्यासाठी.
वीजबिलाच्या पाकिटांवर पेन्सिलीनं टिपून ठेवायचे:
‘डॉक्टर शुद्धीवर. बायकोला ओळखत नाही.
मला वाटतं, ओळखतो.’

संध्याकाळी आई बादलीत पाय सोडून बसायची,
कोबीचं सूप रटरटायचं,
आणि जो माणूस चर्चमध्येसुद्धा गाताना नुसते ओठ हलवायचा
तो ओट्याला टेकून सांगायला लागायचा:
अदलाबदल झालेली बाळं, विष घातलेली शेरी,
नवऱ्याच्या तिसऱ्या लग्नात ऐन वेळी
दार ढकलून आत आलेली, मेलेली पहिली बायको.
वर्नाची पाळी आली की आवाज खाली यायचा.
वर्ना आईची लाडकी.
मी जिन्यात. मला कधीच झोपायला पाठवलेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी आई ते सगळं कामावर न्यायची.
इस्त्रीच्या रुळांपाशी अकरा बायका
हात चालू ठेवून, कान इकडे.
वर्नानं बंदरावर बेकरी काढली त्या आठवड्यात
रोझेटानं घरून केक आणला होता,
खराखुरा, तीन थरांचा.
लिनेनच्या टेबलावर कापला. वरून हुकूम आला, तुकडे सापडता कामा नयेत.

गेल्या महिन्यात मालिका संपली. कायमची.
निरोप म्हणून जुने भाग दाखवले आठवडाभर.
वडील जाऊन नऊ वर्षं झालीत;
आईच्या फ्लॅटवर आम्ही दोघीच, मांडीवर एकच गोधडी.
नोव्हेंबर ब्याऐंशी. वादळ.
वर्ना होडीतून पडते.
दुसऱ्या भागात छत्र्या, शवपेटी, व्हायोलिन.

मी थांबले. आता परत येईल.
असल्या मालिकांत कोण मरतं!
पण ती आली नाही.
बेकरी कुठेच नव्हती. पीठ नव्हतं, बँकेचं कर्ज नव्हतं,
काम सुटलेला तो पोर्तुगीज खलाशी नव्हता
ज्याला पाव भाजता यायचा
आणि दुसरं काहीच यायचं नाही.

म्हणजे पुढची दोन वर्षं…
मामा म्हणायचा, एमिलनं त्या दोन वर्षांत
घरात एक डॉलर आणला नाही.
बरोबर आहे.
रोज संध्याकाळी पदरचं घालत होते फक्त.

मी आईकडे बघितलं नाही. बघवेना.
तीच म्हणाली, आवाज कमी कर जरा.
मग म्हणाली, मला माहीत होतं.
त्या मंगळवारी बॉयलर फुटला, लवकर सोडलं,
दाढ दुखत होती म्हणून गेले.
दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू.
तोंडात कापूस, आणि समोर वर्नाची शवपेटी.
रडलेसुद्धा. त्या बाईला वाटलं, दाढेमुळे.

घरी आले तर एमिल ओट्यापाशी उभा,
हातात पाकीट.
पाकीट कोरं होतं गं. मला दिसत होतं.
म्हणाला, वर्ना आज बँकेत गेली होती,
बेकरी काढायची म्हणतेय.

मग?

मग काय. सुजलेल्या गालानं विचारलं मी:
दिलं का कर्ज?
तो कितीतरी वेळ सूप ढवळत राहिला.
म्हणाला, उद्या कळेल.